डेल्मरच्या मधाची बिअर

आमच्याकडे, मिनेसोटात, एखादी गोष्ट फार आवडली तर माणूस "वाईट नाही" म्हणतो. मुळीच आवडली नाही तर "वेगळी आहे" म्हणतो आणि हवापाण्याकडे वळतो.

डेल्मर क्वाले मधमाश्या विकणार हेही त्यांनी असंच, थंडीबद्दल बोलता बोलता सांगून टाकलं. गुडघे गेले होते, मध खाणारं घरात कुणी उरलं नव्हतं, आणि वसंतात एक गिऱ्हाईक पेट्या न्यायला येणार होतं. त्यांच्या मुलीला, मारितला, धसका बसला. पेट्या गेल्या की डॅड खिडकीपाशी बसणार, आणि एकदा बसले की उठणार नाहीत. तिचा नवरा, रस नावाचा, घरी बिअर करतो. तिने त्याला कामाला लावलं. डॅडच्या मधाची गव्हाची बिअर कर, ती प्यायले की पेट्या विकवणार नाहीत, असा तिचा बेत.

डेल्मरनी बरणी पुढे केली, पण हातातून सोडली नाही. मध उकळणार का, विचारलं. नाही, अशी शपथ रसने घेतल्यावर बोटं सैल झाली.

मोड आणून वाळवलेले सातू आणि गहू भरडून रसने गरम पाण्यात भिजवले, पाणी गाळलं, कडवटपणासाठी हॉप्सची फुलं टाकून उकळायला ठेवलं. उतू गेलं. दर वेळी जातं. मारितने शेगडीभोवती जुने टॉवेल आधीच पसरले होते. आच बंद करून त्याने मध ओतला, बरणी विसळून तेही पाणी ओतलं. सगळं निवल्यावर बुधल्यात भरलं, यीस्ट घातलं आणि बुधला जिन्याखालच्या कपाटात गेला. आतून बुडबुड ऐकू येऊ लागली. मारित जाता-येता दाराला कान लावायची.

बाटल्या तयार झाल्यावर एका रविवारी चर्चहून डेल्मर जेवायला आले. ग्लास उजेडात धरला, एक घोट घेतला.

"वेगळी आहे," म्हणाले.

मारितने उगाच बटाट्यांचं भांडं पुढे सरकवलं. रसला गप्प बसवेना. "गोडवा राहत नाही, डेल्मर. यीस्ट साखर खातं. मधातली तर सगळीच."

"सगळीच?"

"वास राहतो थोडा."

"म्हणजे माझ्या माश्यांनी उन्हाळाभर राबायचं, आणि तुझ्या किड्यांनी जिन्याखाली बसून खायचं."

"जवळजवळ तसंच."

"तुझ्या माहेरचे का गं हे किडे?" डेल्मरनी मुलीला विचारलं. "नाही, माझ्याकडे कुणी इतकं खाणारं नव्हतं. याच्याकडचेच असणार."

मारित म्हणाली, राहू दे डॅड, कॉफी करते. पण ते ग्लास सोडेनात. पुन्हा हुंगला, पुन्हा घोट घेतला, कपाळाला आठ्या घातल्या.

"मधच चुकला," ते शेवटी म्हणाले. "हा क्लोव्हरच्या फुलांचा, भिडस्त. बकव्हीटच्या फुलांचा काळा असतो, गोठ्यासारखा वास मारतो. तो तुझ्या किड्यांना पुरून उरेल."

बकव्हीट पेरणारा तळ्यापलीकडे एकच होता. शेत फुलावर आलं की पेट्या तिकडे न्याव्या लागतील, असं ते स्वतःशीच बोलू लागले. मारितने आवाज शक्य तितका कोरडा ठेवून विचारलं, की पेट्या तर वसंतातच जाणार ना?

डेल्मरनी आणखी बटाटे वाढून घेतले. त्या गिऱ्हाइकाला नाही म्हणून कळवायला हवं, म्हणाले. मग जावयाकडे वळले.

"तुझ्या गाडीत मागे मावतील का रे पेट्या? माश्यांसकट?"

रसने गाडी नुकतीच घेतली होती, सीटवरचं प्लास्टिकसुद्धा अजून काढलं नव्हतं. त्याने बायकोकडे पाहिलं.

"मावतील," तो म्हणाला.