हवेचं भोक आणि सासूबाईंची पळी

पुढच्या खोलीत स्कूटर उभी होती, घरच्या माणसासारखी. आणि नेमकं तिथेच मिस्त्रींच्या बायकोला शिवणयंत्र मांडायचं होतं.

"शंभर मिली पेट्रोलमध्ये पंधरा मिनिटं चालली तर राहील," ती म्हणाली. "नाहीतर उद्या भंगारात. आणि वेळ स्वयंपाकघरातल्या घड्याळावर! तुमच्या मनगटावरचं तुमच्यासारखंच आहे, मनात आलं की चालतं."

मिस्त्रींनी स्कूटर अंगणात घेतली, वर पेट्रोलची खुणांची बाटली टांगली, शेजारी कॅन ठेवला. कार्बोरेटरच्या पोटात हवा ओढणारं एक इवलं पितळी भोक असतं. तसली पाच भोकं, चढत्या मापाची, त्यांनी स्वतः पाच पितळी तुकड्यांत पाडली होती. कामाला लागले की ते गुणगुणत,

हवेचं दार मोठं, पेट्रोलचं पाऊल छोटं,
हवेचं दार लहान, इंजिनाला भारी तहान.

पहिल्या, सगळ्यात बारक्या भोकाला काळा धूर आला आणि बाटली नऊ मिनिटांत संपली. दुसऱ्याला अकरा.

तेवढ्यात सासूबाई उन्हाला येऊन बसल्या. पाहुण्यानं ताटावर हात धरला तर त्या बोटांवर वाढत. पण कुणाचं काही रिकामं होऊ देत नसत.

मिस्त्री तिसरं भोक लावून घड्याळ बघायला आत गेले. दहा मिनिटांनी येतात तो बाटलीत ऐंशी मिली! चौथ्याला नव्वद. पाचव्याला इंजिन खोकत होतं, पण बाटलीत एकशेदहा.

मिस्त्री मटकन खाली बसले. "अगं ए, धाव! ही पेट्रोल बनवतेय! भोक आणखी वाढवलं तर शेजारीपाजारीही देता येईल!"

बायको आली. तिनं बाटलीकडे पाहिलं, मग कॅनकडे, मग आईच्या पदराकडे.

"आई, पदराआड काय आहे?"

"पळी."

"आई!"

"अगं, संपत आलं होतं गं. जावईबापूंचा स्वभाव भिडस्त, ते काय मागतायत? आणि शेवटी तर खोकत होती बिचारी, म्हणून दोन पळ्या जास्त."

मिस्त्रींचा चेहरा हवा गेलेल्या ट्यूबसारखा झाला.

मग खरी परीक्षा. पाचव्याला खोकत होती, म्हणून चौथं भोक लावलं. घड्याळ अंगणात आलं. पळी बायकोच्या एका हातात, आईचं मनगट दुसऱ्या हातात.

बारा मिनिटं. तेरा. चौदा. बाटलीच्या तळाशी नखाएवढं पेट्रोल उरलं. मिस्त्रींचे ओठ हलत होते, पण गाणं फुटत नव्हतं. इंजिन अडखळलं. फट... फट...

पंधरा मिनिटं व्हायला अजून वीस सेकंद होते.

बायकोला तो आवाज ओळखीचा वाटला. लग्नाच्या दिवशी शिवणयंत्र मांडीवर घेऊन ती याच मागच्या सीटवर बसून या घरी आली होती. तेव्हाही चढावर इंजिन असंच अडखळलं होतं, आणि हे असेच ओठ हलवत बसले होते.

तिनं आईचं मनगट सोडलं. पळी पुढे केली.

"बघत काय बसलीस, आई? वाढ ना!"