अकरावं मिनिट

सकाळपासून तिसऱ्यांदा पडद्यावरचा आकडा थांबला. या खेपेला बावन्नावर. ठिपक्यांचं फिरतं कडं जागच्या जागी गोठलं. पुतणीने माउस हलवून पाहिला, बाण हलेना.

"आधी एकोणचाळीस, मग तेवीस, आता बावन्न," ती म्हणाली. "एका जागी अडेल तर शपथ! अडायचं तरी शहाण्यासारखं अडावं."

काका काउंटरमागच्या उंच स्टुलावर बसले होते. दुरुस्तीचं हे दुकान त्यांनीच उभं केलं होतं, आणि पुतणीला पेचकस कसा धरायचा हेही त्यांनीच शिकवलं होतं. तीन महिन्यांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं, तेव्हापासून दुकान तिचं आणि फोन उचलणं त्यांचं. चालणं सुधारलं, बोलणं सुधारलं. उजवा हात तेवढा रुसलेल्या जावयासारखा, आला तर आला.

काल तिने हा संगणक त्यांच्यापुढे ठेवला होता. "हा तुमचा, काका. आतून साफ करा, प्रोसेसरवरचा पंखा काढून खालचा लेप बदला, परत बसवा. जमलं तर सोमवारपासून टेबलाची डावी बाजू तुमची." ती सहज बोलून गेली होती, पण काकांनी ते वाक्य घरी बायकोला दोनदा सांगितलं. पूर्वी पाव तासाचं काम. काल दीड तास लागला. पण झालं. आज नवी ऑपरेटिंग सिस्टीम चढवायची तेवढी उरली होती, आणि नेमकी तीच चढत नव्हती.

फोन वाजला. दातांच्या डॉक्टरीणबाई, संगणक त्यांचाच.

"झाला का हो?"

"अर्ध्यात अडतोय, बाई. संध्याकाळपर्यंत बघतो."

"बघा बरं. पुढच्या वेळी तुम्ही माझ्या खुर्चीत असाल, आणि मीही म्हणेन, अर्ध्यात अडलंय."

पुतणीने तोवर सिस्टीमचा पेनड्राइव्ह बदलून पाहिला होता, मेमरीच्या पट्ट्या एकेक काढून पाहिल्या होत्या, बाजारात जाऊन नवी डिस्कही आणली होती. आता तिने चौथ्यांदा बटण दाबलं.

काकांचा पडद्यावरच्या आकड्यावर कधीच विश्वास नव्हता. आकडा यंत्र सांगतं, वेळ आपण बघायची, असं ते म्हणत. एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर त्यांनी डाव्या हाताने, पहिलीतल्या मुलासारख्या वाकड्या अक्षरांत मिनिटं टिपून ठेवली होती. पहिल्यांदा अकरा. लगेच पुन्हा चालू केला तेव्हा चार. ती डिस्क आणायला गेली, तासभर संगणक बंद राहिला, त्यानंतर पुन्हा अकरा.

"आता चार मिनिटांत थांबेल," ते म्हणाले.

"काका, तोंडात साखर पडो म्हणावं असं काहीतरी बोला हो."

चौथं मिनिट संपता संपता कडं गोठलं. ती कपाळाला हात लावून मागच्या खोलीत दुसरा पॉवर सप्लाय शोधायला गेली.

काकांनी पाकिटाकडे पाहिलं. विसावा मिळाला की अकरा मिनिटं, दमलेला असला की चार. यंत्र तापत होतं. आणि तापत असेल तर... प्रोसेसर गार ठेवणारा पंखा काल त्यांनीच बसवला होता.

त्यांनी वीज बंद केली, बाजूचा पत्रा काढला आणि पंख्याचे चारही कोपरे डाव्या बोटाने चाचपले. तीन घट्ट होते. चौथा, पत्र्याच्या अडचणीतला, पडायला आलेल्या दातासारखा हलत होता. काल तिथे डावा हात पोचत नव्हता म्हणून त्यांनी उजव्या अंगठ्याने त्या कोपऱ्याची प्लास्टिकची खीळ दाबली होती. खिळी बसताना टक असा आवाज होतो. काल तीन आवाज झाले होते. चौथा झाला असं ते धरून चालले होते.

आताही त्यांनी उजवा अंगठा टेकवला. दाबला. अंगठा घसरला. पुन्हा टेकवला.

"काका?"

पुतणी दारात उभी होती. तिची नजर त्यांच्या अंगठ्यावरून कोपऱ्यावर गेली, आणि ती घाईघाईने म्हणाली, "खीळ हलली वाटतं. सकाळी मीच संगणक टेबलावर धाडकन ठेवला. तेव्हाच निसटली असणार."

'हो' हा केवढासा शब्द! तो काकांच्या ओठांपर्यंत आला. सोमवार, टेबलाची डावी बाजू, घरी जाऊन सांगायचं सगळं त्याच्या मागोमाग उभं होतं.

"तू सगळं बदलून पाहिलंस," ते म्हणाले. "पंखा का नाही पाहिलास?"

तिने हातातला पॉवर सप्लाय टेबलावर ठेवला.

"काय शिकवलं होतं मी? शेवटचा हात जिथे लागला..."

"...तिथून शोधायला सुरुवात करायची." ती खाली बघत म्हणाली. "पण तो हात तुमचा होता. मी ओढून बघितलं असतं तर तुम्हाला काय वाटलं असतं?"

"वाईट वाटलं असतं. मग? माझं मन राखायला त्या बाईंचा दिवस गेला, आणि तुझाही." त्यांनी उजवा हात मांडीवर ठेवला. "खीळ हलली नाही, पोरी. बसलीच नव्हती. मी बसवली नव्हती."

तिने पंखा काढला, नवा लेप लावला आणि खिळी दाबल्या. टक. टक. टक. चौथ्या वेळी दोघांनीही कान टवकारले. टक.

संगणक पाचव्यांदा चालू झाला.

"सोमवारी डावी बाजू राहू दे रिकामी," काका म्हणाले.

"का म्हणून? मला चार तासांत दिसलं नाही ते तुम्ही पाकिटावर शोधलंत. बसा तिथे. पण तुम्ही बसवलेली प्रत्येक गोष्ट मी ओढून बघणार. तुमच्या तोंडावर. रुसायचं नाही."

"रुसेन," काका म्हणाले. "पण ओढून बघ."

फोन पुन्हा वाजला. काकांनी डाव्या हाताने तो कानाला लावला. मनगटावरच्या घड्याळावरून त्यांची नजर हलली नाही.

"हो बाई, अडलं होतं. माझ्याच हातून राहिलं होतं... आता? आता जरा थांबा. अकरावं मिनिट संपतंय."