गौरीचं ताट

चित्राने पलंगावरची चौथी उशी उचलून कपाटात कोंबली आणि दार लागेना म्हणून गुडघ्याने रेटलं.

"अगं, असू देत की," हरिहर म्हणाले. ते केव्हाच आडवे झाले होते. उरलेल्या दोन्ही उशा त्यांच्याच डोक्याखाली होत्या.

"दोन माणसांना सहा उशा! डोकं एकच असतं ना प्रत्येकाला?"

"हॉटेल आहे ते. तुला कुठे अभ्रे धुवायचेत?"

नवऱ्याशी बोलण्यात अर्थ नव्हता. ती बाथरूममध्ये गेली. तिथे भलामोठा टब होता, टबासमोर जमिनीपासून छतापर्यंत काच आणि काचेपलीकडे ठाण्याजवळच्या येऊरचं जंगल. श्रावणातलं, ओलंकच्च, अगदी अंगावर येणारं हिरवं. समोरच्या फांदीवर एक माकड बसून आत बघत होतं. चित्राने पडदा खस्सकन ओढला. आपल्या डोंबिवलीच्या घरातलं अख्खं न्हाणीघर या टबात मावेल, हा विचार तिला नको होता, पण तो आलाच.

हे सगळं प्राचीचं. प्राची म्हणजे तिची धाकटी जाऊ. सासूबाईंना पंच्याऐंशी पूर्ण झाली, तर सगळ्यांनी दोन दिवस जंगलात राहू या, ही टूम तिची. बुकिंग तिचं. डोंबिवलीला न्यायला आलेली गाडीही तिचीच. बाळकुमच्या टॉवरमधल्या तिच्या गॅलरीतून हाच डोंगर दिसतो. तेवढ्याने भागत नव्हतं वाटतं, म्हणून आता जवळून दाखवायला आणलं होतं.

बरं, खोलीवरून तरी बोलावं, तर तीही सोय नव्हती. जंगलाकडची, मोठ्या ओसरीची कॉटेज प्राचीने थोरल्या दीर-जावेला दिली होती आणि स्वतः भटारखान्याच्या अंगाला उतरली होती. वाईट खोली दिली असती तर घरी जाऊन चार दिवस बोलता तरी आलं असतं. चांगली देऊन तिने चित्राचं तोंडच बंद करून टाकलं.

आणि सासूबाई? छत्तीस वर्षं चित्राच्या हातचं खाल्लेल्या विमलाबाई गाडीतून उतरल्या, काठी टेकत दोन्ही कॉटेजमधली बाथरूम बघून आल्या आणि म्हणाल्या, "मी प्राचीकडे झोपते. तिकडे धरायला दांडी आहे."

एका दांडीने छत्तीस वर्षांवर पाणी पडलं. चित्रा तेव्हा हसली होती. गालात दुखेपर्यंत हसली होती.

चहाला सगळे हॉटेलच्या मोठ्या ओसरीवर जमले. वेताच्या खुर्च्या, त्यात गाद्या, समोर मूगभज्यांची बशी. चित्राने पिशवीतून दशम्यांचा डबा काढला, तेवढ्यात वेटरने अदबीने सांगितलं की बाहेरचं खाणं इथे चालत नाही, माकडं येतात. डबा परत पिशवीत गेला. प्राची पटकन म्हणाली, "वहिनी, दशम्या खोलीत खाऊ ना आपण. मला हव्यात." तेही चित्राला लागलं. हिला सगळं हवं असतं.

सुदेशने घसा खाकरला. तो हरिहरांचा धाकटा भाऊ. चित्रा लग्न होऊन आली तेव्हा शाळेच्या खाकी चड्डीत होता, आता कंपनीत मोठा साहेब झाला होता. पण थोरल्या वहिनीपुढे तोंड उघडताना अजून खाकरायचा.

"वहिनी, एक विषय होता."

"बोला ना भावजी."

"यंदा गौरी बाळकुमला बसवू या का? म्हणजे, तूच म्हणालेलीस ना गेल्या वर्षी, आता झेपत नाही म्हणून. आमच्याकडे जागाही आहे. प्राचीलापण करायचंय."

चित्राचा कप बशीवर आदळला.

ती म्हणाली होती, हे खरं. पण ते वाक्य ती कित्येक वर्षं म्हणत होती. विसर्जन झालं, मोठी पातेली पालथी घातली, की कंबरेवर हात ठेवून म्हणायचं, "पुढच्या वर्षी नाही हो झेपणार. कोणीतरी न्या आता." त्यावर सगळ्यांनी "छे छे, तुझ्याशिवाय कोण करणार!" असं म्हणायचं आणि चित्राने "काय करता मग" म्हणत उरलेल्या पुरणपोळ्या ज्याच्या त्याच्या डब्यात भरायच्या. रीतच होती ती. घरात कोणाला हे सांगावं लागत नव्हतं. गेल्या वर्षी प्राचीने ते खरं धरलं, आणि सगळा घोळ तिथे झाला.

आता नाही कसं म्हणणार? आणि हो तरी कसं म्हणणार? गौरीचे तीन दिवस सोडले तर चित्राकडे होतं काय? वर्षभर सगळी माणसं बाळकुमला जात. वाढदिवस तिकडे, पार्ट्या तिकडे, परदेशातून कोणी आलं की उतरायला तिकडे. त्या तीन दिवसांत मात्र बाळकुम डोंबिवलीला येई. प्राचीसुद्धा पदर खोचून चित्राच्या ओट्यापाशी उभी राही आणि विचारी, "वहिनी, भोपळा केवढा चिरू?" त्या तीन दिवसांत चित्रा थोरली असे.

"आईंना विचारा," चित्रा म्हणाली. हा डाव हुकमी होता. सासूबाई रीतीभातीच्या बाबतीत कोणाचं ऐकत नसत.

विमलाबाईंनी भजं संपवलं, बोटं पुसली.

"मला काय विचारता? आता मला साधी वात वळता येत नाही. जिच्या हातात ताट आहे तिला विचारा."

सगळ्यांनी चित्राकडे पाहिलं. हरिहर तर असे पाहत होते की जणू सुटले बिचारे, यंदा माळ्यावरून पातेली काढायला नकोत. चित्रा उठली.

"बघू," ती म्हणाली. "मी जरा पाय मोकळे करून येते."

आवारातून ओढ्याकडे एक पायवाट जात होती. मागून चपलांचा आवाज आला आणि डोक्यावर छत्री आली. वळून बघायची गरज नव्हती.

"सोळा भाज्या करशील?" चित्राने चालता चालता विचारलं.

"करीन."

"मुखवटे घासायला काय लागतं?"

"चिंच. मग रांगोळीची कोरडी पूड. तुम्ही करता तसं."

"दोघींच्या साड्या?"

"एकाच दुकानातल्या, एकाच तोलाच्या. एकीला डावं-उजवं झालं तर ती रुसते."

सगळं बरोबर. चित्राला आणखीच राग आला.

"आणि पुरण?"

प्राची थोडं थांबली. "पोळ्या बहुतेक बाहेरून आणीन. मला जमत नाहीत, फाटतात."

"बाहेरून! गौरीला विकतच्या पोळ्या!" चित्राला एकदम बरं वाटलं. "मग कशाला हा अट्टाहास, अगं? आयत्या पिठावर रेघोट्या ओढायच्या, दुसरं काय. टॉवरमधल्या बायकांना हळदीकुंकवाला बोलावून घर दाखवायचं असेल तर तसं सांग ना."

बोलून झाल्यावर तिलाच ते जास्त झाल्यासारखं वाटलं, पण शब्द काही परत घेता येत नाही. प्राचीने छत्री या हातातून त्या हातात घेतली. दोघी ओढ्यापर्यंत आल्या. पाणी गढूळ होतं आणि जोरात वाहत होतं.

"वहिनी, दरवर्षी तुम्ही ताट घेऊन बाहेरून येता," प्राची म्हणाली. "दोन्ही मुखवटे ताटात, डोक्यावरून पदर, मागे सगळे. आणि मी दाराच्या आत उभी असते. चमच्याने थाळी वाजवत विचारते, 'कोण आलं? कशाच्या पावलांनी आलं?' लग्न झाल्यापासून मीच विचारतेय."

"मग? विचारायला कोणीतरी लागतंच ना."

"लागतंच." ती पाण्याकडे बघत होती. "मला एकदा बाहेरून आत यायचंय."

"म्हणजे? माझ्या घरात तुला कधी परकं केलं मी?"

"नाही हो. कधीच नाही. म्हणून तर बोलता येत नव्हतं."

  चित्राने वाटेवरच्या चिखलाला नावं ठेवली आणि ती परत फिरली.

दिवेलागणीला विमलाबाई काठी टेकत चित्राच्या कॉटेजवर आल्या. हातात तेलाची बाटली होती. हरिहर सुदेशबरोबर कॅरम खेळायला गेले होते.

"तिकडे कोणी नव्हतं का चोळून द्यायला?" चित्रा म्हणाली.

"खोली तिकडची बरी. हात इकडचा बरा," विमलाबाई म्हणाल्या आणि पलंगावर पाय पसरून बसल्या.

चित्राने तेल तळहातावर घेतलं. गुडघ्यावरून हात फिरू लागला. काय बोलावं हे ठरवायच्या आतच तिच्या तोंडून निघून गेलं, "आई, मला नाही द्यायच्या गौरी."

"मग नको देऊस."

"पण मीच म्हटलं होतं ना. आता नाही म्हटलं तर मी वाईट. आणि तिला आहे ना सगळं! एवढं मोठं घर, गाडी, ही हॉटेलं. एवढी एक गोष्ट माझ्याकडे आहे, तर तीही हवी? जळतो हो जीव माझा. खरं सांगते."

विमलाबाईंनी तेलाच्या बाटलीचं बूच लावलं. मग म्हणाल्या, "जरा खाली चोळ. हां, तिथे." आणि त्याच आवाजात पुढे, "तुझ्या लग्नाच्या दुसऱ्या वर्षी ताट तुझ्या हातात दिलं. आठवतंय?"

"आठवतंय. सगळे म्हणाले, सासू किती मोठ्या मनाची."

"मोठं मन कुठलं आलंय! मनगटं सुजलेली माझी. ताट पेलेना, म्हणून दिलं. तू हिरवी साडी नेसून दारातून आत आलीस आणि सगळे तुझ्याकडे बघत राहिले. मी आत जाऊन पिंपाआड बसले. तीन दिवस तुझं तोंड बघवेना मला."

चित्राचा हात थांबला. "मला कधी कळलंच नाही."

"कसं कळणार? तुझं सगळं लक्ष ताटाकडे होतं." विमलाबाईंनी पाय पुढे केला. "दुसरा गुडघा राहिला."

रात्री कपाटातल्या उशा पुन्हा बाहेर आल्या. चित्राने एक पाठीला घेतली, एक गुडघ्याखाली. आराम पडला, हे तिने हरिहरांना सांगितलं नाही. डोळे मिटले की प्राची दिसे. हिरवी साडी, हातात ताट, मागे बाळकुमचे सगळे. त्या साडीत ती छानच दिसत होती. चित्राने कूस बदलली.

सकाळी हरिहर गळ्यात दुर्बीण अडकवून पक्षी बघायला गेले. पाऊस भुरभुरत होता. चित्रा वेणी घालून बसली होती, तेवढ्यात बाहेरून हाक आली.

"वहिनी! दार उघडा, हात भरलेत माझे!"

चित्राने दार उघडलं. ओसरीवर प्राची उभी होती. दोन्ही हातांत ट्रे, त्यात झाकलेले चहाचे कप, उपम्याच्या बशा आणि काल चित्राच्या डब्यातून तिने मागून नेलेल्या दोन दशम्या. छत्री गालाने खांद्याशी दाबून धरलेली. पावलं घोट्यापर्यंत चिखलाने माखली होती.

"किचनमधला फोन कोणी उचलेना. म्हटलं, आपणच आणू. दशम्यांना लोणी मागून घेतलंय." ती चपला काढून उंबऱ्यातून पाय टाकणार, इतक्यात चित्रा म्हणाली,

"थांब."

"काय झालं? पाय धुवून येऊ का?"

चित्रा आत वळली. किटलीशेजारी हॉटेलचा चकचकीत स्टीलचा ट्रे होता. त्यातली साखरेची पुडकी तिने पलंगावर ओतली, ट्रे डाव्या हातात धरला, उजव्या हातात चमचा घेतला आणि दाराच्या आत येऊन उभी राहिली. या बाजूने ती आयुष्यात कधी उभी राहिली नव्हती. इथून येणारीचा चेहरा समोरच दिसत होता.

तिने चमचा ट्रेवर वाजवला.

"कोण आलं?"

प्राची बघतच राहिली. "वहिनी, चहा गार होतोय."

"कोण आलं, विचारतेय मी."

ट्रेमधले कप किणकिणायला लागले. छत्री खांद्यावरून घसरली, ओसरीवर पडली, आणि वाऱ्याने ओसरीत शिरणारी भुरभुर तिच्या केसांवर येऊ लागली.

"गौर आली," ती म्हणाली. 

"कशाच्या पावलांनी आली?"

प्राचीने खाली स्वतःच्या पावलांकडे पाहिलं. तिला हसूही येत होतं आणि डोळेही भरून आले होते.

"सोन्यामोत्यांच्या."

"मग पावसात कशाला उभी आहेस?" चित्रा दारातून बाजूला झाली. "ये आत. आणि उजवा पाय आधी टाक, वेंधळे. पोळ्या मी आदल्या दिवशी येऊन करीन. विकतच्या आणल्यास तर याद राख."