प्लॅस्टिकमधलं लाल कार्ड

आईचा शेवटचा साधा दिवस समाजमंदिरात हसण्यात गेला.

डोळखांबच्या पलीकडे आमचं गाव. भाताची झोडणी उरकली की इथे आरोग्याची सुनावणी भरते. मुरबाडच्या एका संस्थेची माणसं येतात, तालुक्याचे अधिकारी खुर्च्यांवर बसतात आणि फाट्यावरच्या आरोग्य केंद्राला पाड्यापाड्यांतून गुण दिले जातात. गुण म्हणजे रंग. प्रत्येक पाड्याकडे तीन कार्डं असतात. हिरवं म्हणजे चांगलं, पिवळं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट. संस्थेचा हरेश माइकवर एकेक प्रश्न विचारतो, पाड्याची माणसं आपसांत कुजबुजतात आणि त्यांच्यातली एक बाई कार्ड वर करते. आमच्या पाड्याची कार्डवाली माझी आई होती. शकू तिचं नाव.

मी शहापूरला वाचनालयात काम करते आणि शनिवार-रविवार गावी येते. त्या दिवशी सुनावणी पाहायला मुद्दाम आले होते.

"संध्याकाळनंतर डॉक्टर भेटतात का?" हरेशनं विचारलं.

डॉक्टर चारच्या एसटीनं शहापूरला परत जातात, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यांना राहायला दिलेली खोली गळकी, आणि ती दुरुस्त करायची कुणाला घाई नव्हती. आईनं मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि हिरवं कार्ड उंच धरलं.

भिंतीपाशी दिपिका सिस्टर उभी होती. केंद्रातली नर्स. तिनं कपाळाला हात लावला.

"मावशी, मी डॉक्टर आहे का?"

"तू हाक मारली का येतंस ना? मग झालं तर."

"प्रश्न माझा नाहीये."

"गप गो. चार पाव्हण्यांसमोर आमच्या पोरीला नापास करू काय आमी?"

सगळं समाजमंदिर हसलं. अधिकारी हसले, हरेश हसला, शेवटी दिपिकाही हसली. बाकीच्या पाड्यांनी आईकडे पाहून आपापली हिरवी कार्डं वर केली. दर वर्षी असंच व्हायचं. दिपिकानं ज्यांची बाळंतपणं केली होती त्या बाया लेकरं मांडीवर घेऊन समोर बसलेल्या असत. तिच्या तोंडावर लाल दाखवायचं म्हणजे जेवू घातलेल्या घराला नावं ठेवण्यासारखं. शिवाय संस्थेचा एक नियम होता. हिरव्याला कारण विचारत नसत. लाल दाखवलं तर मात्र माइकवर येऊन कारण सांगावं लागे, आणि माइकवर बोलायचं म्हटलं की आमच्या बाया एकमेकींच्या मागे लपायच्या.

घरी येताना आईनं कार्डं पदरात गुंडाळून घेतली होती. चुलीपुढे बसून तिनं सुकटीची चटणी केली, भाकऱ्या थापल्या आणि अधिकारी कसे हसले त्याची नक्कल करून दाखवली. तिचं ते हिरवं कार्ड मला पटलं नव्हतं. पण ती इतकी खुशीत होती की मी दुसरी भाकरी मागितली.

दुसऱ्या दिवशी मी शहापूरला परतले. संध्याकाळी पेंढा रचताना तिला नाग चावला.

दिपिका धावत आली. तिनं आईचा पाय फळीला बांधला, तो हलू दिला नाही. सापाचं औषध केंद्राच्या कपाटात होतं. ते द्यायला डॉक्टर लागतो. तिनं गावातली जीप काढायला लावली आणि स्वतः मागे बसली. मी शहापूरला सरकारी रुग्णालयाच्या फाटकापाशी उभी होते. जीप आली तेव्हा दिपिका खाली उतरली नाही. आईचं डोकं तिच्या मांडीवर होतं.

त्याबद्दल मी एवढंच लिहू शकते.

*

पुढच्या वर्षी झोडणी उरकत आली तेव्हा एका रविवारी सकाळीच दिपिकाची स्कूटर अंगणात थांबली. हेल्मेट काढायच्या आतच ती बोलायला लागली.

"अनिताताई, यंदा मला नापास करा."

"बस तरी आधी."

"बसायला वेळ नाही. टोकावड्याकडच्या एका गावानं गेल्या साली लाल दिलं. एकच लाल, डॉक्टरच्या प्रश्नाला. आज तिथे डॉक्टर बायकोपोरांसह राहतोय. खोली दुरुस्त झाली, वर दुसरा डॉक्टर मिळाला. मी स्वतः जाऊन बघून आले. आणि आपला कागद काय म्हणतो? सगळं हिरवं. मग कुणाला कशाला पाठवतील?"

तिचे डोळे चमकत होते. असं तिला मी आईच्या नंतर पहिल्यांदाच पाहत होते.

"मी हाक मारली की जाते, म्हणून हे सगळे हिरवं देतात," ती म्हणाली. "मावशींसाठी मी गेले होते ना? जाऊन काय केलं मी?"

मी तिला पाणी दिलं आणि आतून आईची पेटी ओढून आणली. लुगड्यांच्या घडीत कार्डं होती. हिरव्याच्या कडा मऊ पडल्या होत्या, एका कोपऱ्यात हळदीच्या अंगठ्याचा ठसा होता. पिवळं तसं बरं होतं. लाल मात्र संस्थेनं दिलं तसंच होतं, प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटपट्टीनं बंद. आईनं ते कधी उघडलंच नव्हतं.

दिपिका ते हातात घेऊन हसायला लागली. हसता हसता तिनं डोळे पुसले. मग म्हणाली, "चला, बसा मागे."

तो सगळा रविवार आम्ही स्कूटरवर काढला. एक नर्स दारोदार जाऊन स्वतःला नापास करा म्हणून विनवते आहे, ही बातमी आमच्या पुढे पळत होती. चौथ्या पाड्यावर पोचलो तोवर बाया अंगणात येऊन वाटच पाहत होत्या.

"काय गो शिस्टर, बदली पायजे काय तुला?"

"लगीन ठरलं असेल हिचं. सरळ सांगायचं सोडून."

"नापास व्हायला एवढा पावडर लावून आलीस?"

दिपिका प्रत्येकीला तेच समजावत होती. "वागणुकीचा प्रश्न येईल तेव्हा मला हिरवं द्या, मी नको म्हणणार नाही. पण डॉक्टरचा प्रश्न आला की मला विसरा. मी गावात नाहीच असं समजा."

ठाकूरपाड्यावरची ठमीआजी नाचणी पाखडत ऐकत होती. सूप खाली ठेवून ती माझ्याकडे वळली. "शकूनं हिरवा दाखवला का आमी हिरवा दाखवायचो. आता तू दाखवशील तसा. पण पयला तू. आमी मागून."

आमच्या स्वतःच्या पाड्यावर मात्र कोंडूकाका अडून बसला. वडिलांचा धाकटा भाऊ, सगळे त्याचं ऐकतात. आईच्या मागे कार्डं माझ्या हाती द्यायची हे त्यानंच ठरवलं होतं.

"वैनीनं हयातीत कुणाला लाल दाखवला नाय," तो म्हणाला. "ती गेली, आन पयल्याच साली तिचा शब्द मोडायचा? लोक काय म्हणतील? आये गेली म्हणून राग काढतेय दवाखान्यावर."

"काका, डॉक्टर असता तर..."

"असता तर, नसता तर. तिच्या नशिबात होता. दाखवायचा तर हिरवा दाखव. नायतर कार्डं दे माझ्याकडं."

मी कार्डं दिली नाहीत.

*

सुनावणीच्या दिवशी समाजमंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांच्या गजांना पोरं लटकलेली. नेहमी चहाच्या वेळेला येणारे पुरुष सकाळपासून भिंतीला टेकून बसलेले. नर्स नापास होते का ते पाहायला लगतच्या गावातूनही माणसं आली होती. अधिकारी मंडळींना या गर्दीचं कारण कळेना, हरेशनं चष्मा दोनदा पुसला. माझ्या मांडीवर आईची तीन कार्डं होती.

"केंद्रातले कर्मचारी नीट वागतात का?"

एका दमात सगळी हिरवी कार्डं वर गेली. कुणीतरी शिट्टी मारली. दिपिका भिंतीपाशी उभी होती, तिनं नमस्कार केला.

"औषधं मिळतात का?" कुठे हिरवं, कुठे पिवळं. ठमीआजीनं आधी पिवळं, मग हिरवं, मग पुन्हा पिवळं केलं. "एकच दाखव गो आजी," कुणीतरी ओरडलं. "बघू दे की नीट," ती म्हणाली, "माझा पाडा हाय."

हरेशनं कागद उलटला.

"संध्याकाळनंतर डॉक्टर भेटतात का?"

गलका थांबला. माझ्या मागून कोंडूकाकाचा आवाज आला, हलका, जवळजवळ मायेचा. "हिरवा दाखव, अनिता. आयेचा मान राख."

मी लाल कार्डाचं प्लॅस्टिक फाडायला गेले. चिकटपट्टी जुनी होती, नखाला दाद देईना. सगळे पाहत होते. शेवटी मी ती पिशवी दातात धरून ओढली. कुणीतरी फिसकन हसलं. प्लॅस्टिक टर्रकन फाटलं आणि मी हात वर केला.

आमच्या समाजमंदिरात लाल रंग पहिल्यांदाच वर गेला होता. एवढा झळझळीत असेल असं मला वाटलं नव्हतं.

मग डावीकडून चुरचुर ऐकू आली. ठमीआजी दातांनी पिशवी फाडत होती, दात कमी असल्यामुळे शेजारणीकडे देत होती, परत घेत होती. मग पलीकडच्या पाड्यात चुरचुर, मग खिडकीपाशी, मग दाराकडे. प्रत्येक पाड्याचं लाल कार्ड प्लॅस्टिकमध्येच होतं. सगळं समाजमंदिर चुरचुरत होतं आणि एकेक लाल वर येत होतं. खुर्चीवरचे अधिकारी पुढे झुकले. दिपिकानं दोन्ही हात तोंडावर घेतले होते.

"पहिलं लाल आपलं," हरेश माझ्याकडे पाहून म्हणाला. "कारण सांगावं लागेल, ताई."

मी उठले. माइकपर्यंत जाताना वाट करून देणाऱ्या बाया माझ्या पाठीवर हात ठेवत होत्या. मी मनात वाक्यं तयार करून आणली होती. दुसऱ्या डॉक्टरचं रिक्त पद, गळकी खोली, दुरुस्तीची मागणी. ती मी सगळी सांगितली आणि अधिकाऱ्यांनी ती लिहून घेतली. खोलीची दुरुस्ती याच महिन्यात सुरू करू, असं त्यांच्यापैकी एकानं सगळ्यांसमोर कबूल केलं. टाळ्या वाजल्या.

"झालं ना, ताई?" हरेशनं विचारलं.

मी माइक सोडला नाही. समोर कोंडूकाका मान खाली घालून बसला होता. त्याच्या पुढची जागा मी आत्ता सोडून आले होते, वर्षानुवर्षं आई तिथेच बसायची. तिथे सतरंजीवर तिचं हिरवं कार्ड पडलं होतं, हळदीचा ठसा वर. वर्षभर सगळ्यांनी तिच्याविषयी चांगलंच बोलायचं ठरवलं होतं, आणि मीही तेच करत आले होते. मी त्या कार्डाकडे पाहिलं आणि घरात तिच्याशी बोलायचे तशी बोलले.

"आये, डाक्टर नव्हता गो. दिपिका होती, पण डाक्टर नव्हता. तू चुकलीस. मला तू अजून पायजे होतीस."