वाचक मंडळाचा आठवा सभासद

वाल्मिक मास्तरांनी बत्तीस वर्षं मुलांच्या वह्यांना शेरे दिले, पण छापील कागदाला किंमत लावायची वेळ त्यांच्यावर सत्तरीतच आली. किन्हवलीचं घर बंद करून ते लेकीकडे, स्नेहलकडे, मुरबाडला राहायला जाणार होते. तिथे दोन खोल्या. मास्तर मावतील, पण एका कथामासिकाच्या एकाहत्तर ते अठ्ठ्याऐंशीपर्यंतच्या दोनशे सोळा अंकांची लोखंडी पेटी मावणार नव्हती. स्नेहल मुरबाडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायची. तिने सांगितलं की असे अंक इंटरनेटवर विकले जातात. नाहीतर रद्दीवाला होताच.

"प्रत्येक अंकाची अवस्था लिहायची असते, बाबा. उत्तम, चांगली, बरी."

"बरीच्या खाली काही नाही?"

"आहे. पण ते लिहिलं की कोणी विचारत नाही."

"याचा कोपरा उंदराने खाल्लाय. याला चांगला कसं म्हणू?"

"मग उंदराने खाल्लाय असंच लिहा. तुम्ही दुकान टाकलं असतं तर गिऱ्हाईकालाच चार पैसे देऊन पाठवलं असतं."

मास्तरांनी 'चांगली' लिहिलं, खोडलं, 'बरी' लिहिलं, आणि रात्रभर 'बरी'सुद्धा जास्तच झालं की काय, या विचाराने कूस बदलत राहिले. दिवाळी झाल्यावर, दोन हजार सातच्या नोव्हेंबरात, स्नेहलने वरवरचे सहा अंक काढून त्यांचे पुढून-मागून आणि मलपृष्ठ उघडून आतले फोटो घेतले आणि साइटवर टाकले. पेटीला पुन्हा कुलूप लागलं. किल्ली मास्तरांच्या कनवटीला.

हे अंक एकट्या मास्तरांचे नव्हते. गावात पूर्वी सात जणांचं वाचक मंडळ होतं. वर्गणी एकत्र, अंक एक. प्रत्येकाने चार दिवस ठेवायचा, मलपृष्ठाच्या आत चिकटवलेल्या चिठ्ठीवर नाव आणि तारीख घालायची आणि पुढच्याकडे द्यायचा. नवा सभासद घ्यायचा तर सर्वांना विचारून. मास्तर चिटणीस, म्हणून पेटी त्यांच्याकडे. बाकीचे सहा जण एकेक करत गेले. शेवटचे दवाखान्यातले कंपाउंडर, याच वर्षी सहा जानेवारीला.

आठवड्याने स्नेहलचा फोन आला.

"नागपूरचे एकजण सगळा संच घ्यायला तयार आहेत. पण त्यांनी एक विचारलंय. मंडळ सात जणांचं म्हणता, मग तीन अंकांवर आठ नावं कशी?"

"आठ कुठली? नीट बघ."

"मी बघितलं. पंच्याहत्तरच्या जानेवारी अंकावर शेवटी हिरी बुधू असं नाव आहे. आणि बाबा, तारीख एकवीस जुलै दोन हजार सात आहे. कोण ही हिरी?"

मास्तरांनी फोन खाली ठेवला. ठेवायचा नव्हता, पण हाताने ठेवला.

दुपारची उन्हं ओटीवर आली होती. त्यांनी पेटी उघडून अंक क्रमाने लावले. एकाहत्तरच्या पहिल्या अंकावर सात ओळखीच्या सह्या, आणि खाली जाड पेन्सिलीने उभट, सुटी सुटी अक्षरं: हिरी बुधू. तारीख दहा जानेवारी. कंपाउंडर गेल्यानंतरचा चौथा दिवस. दुसऱ्या अंकावर चौदा जानेवारी. तिसऱ्यावर अठरा. एकही अंक चुकला नव्हता, एकाही अंकाला पाचवा दिवस लागला नव्हता. सत्त्याहत्तरच्या सप्टेंबरपर्यंत एक्याऐंशी अंक झाले होते. शेवटची तारीख परवाची होती.

मास्तरांचा स्वभाव असा की आधी स्वतःवरच संशय. झोपेत आपणच लिहीत असू का? त्यांनी पेन्सिल घेऊन कागदावर ते नाव दहा वेळा लिहिलं, डाव्या हातानेही लिहून पाहिलं. अक्षर जुळलं नाही. तरी त्यांची खात्री पटेना. मात्र ती अक्षरं कोणाची, हे त्यांना पहिल्या नजरेलाच कळलं होतं.

ऐंशी साली हिरी त्यांच्या शाळेत झाडलोट करायची, पाणी भरायची. डोळखांबकडच्या एका पाड्यावरची पोर, सातवी शिकलेली. मास्तरांच्या टेबलावरचा अंक ती एका हातात झाडू धरून उभ्या उभ्या वाचायची. एकदा म्हणाली, "गुरुजी, मना पन नंबर लावा ना. चार दिसांत परत करीन."

"मंडळाला विचारून सांगतो," मास्तर म्हणाले होते.

विचारायला काय लागत होतं? पण मंडळात तलाठी होते, आणि त्यांचं ते हसणं होतं, आधी नाकातून, मग पोटातून. मास्तर, आता झाडूवालीपण मंडळात का? हे वाक्य तलाठ्यांनी कधी उच्चारलं नाही, मास्तरांनीच ते त्यांच्या तोंडी ऐकलं आणि तोंड मिटून घेतलं. हिरीने पुढच्या महिन्यात विचारलं, "ईचारला का?" त्याच्या पुढच्या महिन्यातही. मग विचारायची थांबली, आणि त्या दिवाळीनंतर यायचीही थांबली. लग्न झालं असेल, असं मास्तरांनी स्वतःला सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी ते जीपने डोळखांबला गेले आणि तिथून पायी पाड्यावर. निम्मी घरं बंद होती, माणसं वीटभट्ट्यांवर गेलेली. हिरीची धाकटी बहीण सुंदरा अंगणात नाचणी पाखडत होती.

"हिरी? ती कवाची वारली गुरुजी. शाला सोडली त्याच सालात. भिवंडीकडं भट्टीवर ताप आला, चार दिस निजली नि गेली."

मास्तर उभेच राहिले.

"बसा ना. तुमचा नाव लय घेत होती. तापात पन तेच. गुरुजी मंडलाला ईचारून सांगनार हायत, माजा नंबर लागल." सुंदराने सूप खाली ठेवलं. "मंग काय सांगतला मंडलानं?"

इतक्या साध्या आवाजात तिने विचारलं, की जणू मास्तर तेवढंच सांगायला आले होते. आणि मास्तरांच्या तोंडून आपोआप निघालं, "विचारून..."

ते थांबले.

"मी विचारलंच नाही, सुंदरा. कधीच नाही. मला लाज वाटली."

सुंदरा रागावली नाही. तिने नाचणीतला एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मंग आता ईचारा."

"कोणाला विचारू? सगळे मेले."

"ती बी मेलीच हाय ना," सुंदरा म्हणाली. "तुमी ईचारायचं काम करा."

घरी आले तर पुन्हा फोन. नागपूरकरांना संच सोमवारपर्यंत पाहिजे होता, आणि चिठ्ठ्या फाडून, मागचं पान स्वच्छ करून. तसं केलं तर ते किंमतही वाढवून देणार होते.

"फाडू ना, बाबा?" स्नेहलने विचारलं. "मी रविवारी येऊन बसते."

"उद्या सांगतो," मास्तर म्हणाले, आणि मग त्यांना आपलीच शिसारी आली. "नाही. ऐक. आज सांगतो. तासाभराने फोन कर."

चार वाजले होते. त्यांनी ओटीवर सतरंजी घातली, पूर्वी सभेला घालत तशी, आणि पेटीकडे पाठ करून बसले. रिकाम्या सतरंजीसमोर बोलायचं म्हटलं तरी त्यांनी आधी सदऱ्याची बटणं लावून घेतली.

"विषय दोन," ते म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की त्यांना स्वतःलाही जेमतेम ऐकू आला. "हिरी बुधू हिला सभासद करून घेणे. आणि तिचं वाचन पुरं होईपर्यंत अंक न विकणे."

अंगणात कोंबड्या माती उकरत होत्या. त्या एकदम थांबल्या.

मग सतरंजीच्या उजव्या टोकाकडून, तलाठी बसायचे तिथून, ते आलं. आधी नाकातून. मग पोटातून. तेच, तसंच, सत्तावीस वर्षांत तसूभर न बदललेलं. मास्तरांची मान आपोआप खाली गेली. उठावं, फोनपाशी जावं, फाड म्हणून सांगावं. त्यांच्या पायांनी तशी हालचालही केली.

पण ते उठले नाहीत. त्यांनी मान वर केली आणि जिथून हसू येत होतं तिकडे पाहून, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात, तोच विषय पुन्हा वाचला. "कोणाची हरकत असेल तर सांगा. पण कारण सांगा. नुसतं हसू नका."

हसणं मधेच तुटलं.

मग म्हाताऱ्या माणसांचे गुडघे वाजावेत तसा आवाज झाला. एक, दोन, तीन, असे सहा जण सतरंजीवरून उठले. सतरंजीच्या चुण्या मास्तरांच्या डोळ्यांदेखत एकेक करून सैल झाल्या. चपला शोधल्याची खसफस झाली, पायऱ्या उतरल्याचा आवाज अंगणातून पार रस्त्यापर्यंत गेला. कोंबड्या पुन्हा माती उकरू लागल्या.

आत फोन वाजायला लागला. स्नेहल असणार. हरकत एकानेही घेतली नव्हती, म्हणजे दोन्ही विषय मंजूर; तिला काय सांगायचं ते आता ठरलं होतं, आणि ती चिडणार हेही ठरलेलंच होतं. मास्तर उठायला गेले, आणि थबकले.

सहा जण गेले होते, पण ओटी रिकामी झाली नव्हती. त्यांच्या पाठीमागे, पेटीला टेकून, कोणीतरी बसलेलं होतं. मान वळवायचं धाडस मास्तरांना झालं नाही.

"सावकाश वाच," ते म्हणाले, आणि मागे न बघता फोन घ्यायला आत गेले.