दोरी हात बदलत नाही

“काका, सोडून तं नाई देणार ना मले?”

ज्योत्स्नाबाई चढायच्या भिंतीच्या मध्यावर होत्या. एक पाय हिरव्या गोट्यावर, दुसरा हवेत चाचपडत, आणि ओढणी कमरेला घट्ट बांधलेली. खाली इब्राहीमने दोरी जराशी ताणून धरली.

“पस्तीस वर्षांत एकाले बी नाई सोडलं, बाई. तुमच्यापासून सुरुवात कराची का?”

गाद्यांच्या कडेला बसलेल्या बाया हसल्या. “जपून हो काका, डबा संपवून आली हे,” त्यातली एक म्हणाली. ज्योत्स्नाबाईंनाही हसू आलं आणि हसता हसता हात सुटला. त्या किंचाळल्या. पण दोरी तिथेच थांबली, त्या हातभरही खाली आल्या नाहीत. झोक्यावर बसल्यासारख्या लटकत राहिल्या. इब्राहीमने त्यांना हळूहळू खाली घेतलं. पाय गादीला लागताच त्यांनी कमरेची दोरी सोडली. दाराशी ठेवलेल्या वहीत त्यांनी लिहिलं, ‘खूप भीती वाटली. पुढच्या शनिवारी परत येणार.’

ऊर्जानगरच्या क्लबात वरच्या मजल्यावर व्यायामाची यंत्रं होती. खालच्या दालनात पूर्वी बॅडमिंटन चालायचं, तिथे वर्षभरापूर्वी ही भिंत उभी झाली. तीस फूट उंच, फळ्यांची, त्यावर रंगीबेरंगी गोटे ठोकलेले. चढणाऱ्याच्या कमरपट्ट्याला बांधलेली दोरी वर कडीतून जाऊन खाली यायची आणि धरणाऱ्याच्या पट्ट्यातल्या, दोरी अडवणाऱ्या लोखंडी कुलपातून त्याच्या हातात. शनिवारी दुपारी दोन ते चार घरच्या बायांची आणि पोरांची वेळ. शिकवायला विक्की होता, सव्वीस वर्षांचा, हिमालयात जाऊन आलेला. दोरी धरायला त्याने इब्राहीमला शोधून काढलं होतं.

इब्राहीम बिजलीघरात खलाशी होता. दोरीने उंचावर माणूस नाहीतर वजन चढवायचं, उतरवायचं, हेच काम. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. बायकोला, रहमतबीला, जाऊन तीन. रिकाम्या घरात दुपार जात नव्हती, म्हणून त्याने हे काम धरलं. न बोलता तासन् तास वर बघत उभं राहायचं, हे त्याला जमत होतं. बाकीच्या कितीतरी गोष्टी जमत नव्हत्या. भात अजून चिकट व्हायचा. कपाट उघडलं की आधी तिच्या साड्या दिसायच्या, म्हणून तो स्वतःचे कपडे खुर्चीवर ठेवायचा.

त्या शनिवारी आफ्रीन आली. त्याची एकुलती एक मुलगी. चंद्रपुरात राहायची. नवऱ्याचं, शहबाजचं, कूलर दुरुस्तीचं दुकान होतं आणि एप्रिलात त्याला मान वर करायला वेळ नसायचा. सोबत तिची नऊ वर्षांची मुलगी, महेक.

“दोन महिने झाले डोकं खाऊन राह्यली,” आफ्रीन म्हणाली. “नानाची भिंत, नानाची भिंत. एकदा चढवा अन् मोकळं करा मले.”

“तू बी चढ ना.”

“मी? मंग कूलरवाल्याची भाकर कोन थापन?”

महेकने पट्टा बांधून घेतला, हाताला खडूची भुकटी चोळली आणि थोडी नाकालाही लावली. विक्कीने शिकवल्याप्रमाणे तिने मोठ्याने विचारलं, “नाना, चढू?”

“चढ.”

पोरगी माकडासारखी निघाली. इब्राहीम दोरी ओढून घेत होता आणि आफ्रीन बाजूला उभी राहून त्याच्या हातांकडे बघत होती. या हातांत दोरी असताना बाप दुसरं काही करू शकत नाही, हे तिला लहानपणापासून ठाऊक होतं. तिला शाळेत पोचवायचं राहायचं, ईदची खरेदी राहायची. ‘वर माणूस आहे’ म्हटलं की घरात विषय संपायचा.

रहमतबी गेली तेव्हाही हेच झालं होतं. दम्याची बाई. सकाळी अकराच्या सुमारास तिला धाप लागली आणि शेजारणीने बिजलीघराच्या फाटकावर निरोप धाडला. फाटकावरचे गुणवंतराव सायकल मारत आले. इब्राहीमचा जोडीदार मुखरू तेव्हा लाकडी पाटावर बसून साठ फुटांवर लटकला होता आणि दोरी इब्राहीमच्या हातात होती. “माणूस वर आहे. येतो म्हनावं,” इब्राहीम म्हणाला. मुखरूचं काम व्हायला चाळीस मिनिटं लागली. तोवर शेजाऱ्यांनी रहमतबीला रिक्षात घातलं होतं, आणि दवाखाना यायच्या आधीच ती गेली होती.

मयतीला जमलेल्या बायांत रहमतबीची बहीण सगळ्यांसमोर म्हणाली होती, “बायको मरून राह्यली अन् हा दोरी धरून उभा!” तेव्हा आफ्रीन उठून उभी राहिली. “खाला, दोरी हात बदलत नाई. खलाशाचा कायदा आहे. अब्बा सोडून आले असते तं दुसरीचा नवरा मेला असता.” दोघींचं जे तुटलं ते तुटलंच. खालाच्या मुलाचं, अजीमचं, लग्न झालं, आफ्रीन गेली नाही. तीन वर्षं ती हे वाक्य कुणाकुणाला सांगत होती. आणि इब्राहीम खाली मान घालून ऐकत होता.

“नाना!”

महेक अगदी वर पोचली होती. तिने शेवटचा पिवळा गोटा धरला, खाली बघितलं आणि थिजली.

“शाबास! आता हात सोड, मी उतरवतो.”

“नाई.”

“सोड बेटा, दोरी आहे.”

“नाई! मी पडन!”

तिने दोन्ही हातांनी गोट्याला मिठी मारली आणि रडायला लागली. विक्कीने समजावलं, खालून बायांनी टाळ्या वाजवल्या, त्याने ती आणखीच घाबरली. आफ्रीनचा चेहरा उतरला. “अब्बा, काई करा ना!”

“नाना, तुमी इथी या!” महेक वरून ओरडली. “माह्याजवळ या!”

भिंतीच्या मागे लोखंडी शिडी होती, गोटे बदलायला वर जायची. विक्की जवळ आला. “काका, दोरी माह्याकडे द्या अन् शिडीनं वर जा. तुमचंच ऐकन ते.”

“पोरगी वर आहे,” इब्राहीम म्हणाला.

“हाव, मले दिसून राह्यलं ना.”

“वर माणूस असताना दोरी देत नाई.”

“काका, आमी रोज देतो. तुमाले शिकवलं होतं ना पहिल्याच दिवशी? गाठ मारा, मी माह्या कुलपात दोरी घेतो, मंग गाठ सोडा. काऊन घाबरून राह्यले?”

इब्राहीमने मान वर केली. वर पोरगी हुंदके देत होती. त्याने एका हाताने दोरी दाबून ठेवली, दुसऱ्या हाताने कुलपाखाली गाठ मारली. विक्कीने इब्राहीमच्या कुलपाच्या वरच्या बाजूने दोरी स्वतःच्या कुलपात घेतली, पाय रोवले आणि म्हणाला, “माह्याकडे आली.” इब्राहीमने गाठ सोडली आणि आपलं कुलूप काढलं. महेक वर हललीसुद्धा नाही. पंधरा सेकंदही लागले नसतील.

तो शिडी चढला. साठीच्या माणसाला सोपं नव्हतं, पण उंचीची त्याला भीती नव्हती. भिंतीच्या माथ्यावरून वाकून त्याने महेकच्या मनगटावर हात ठेवला.

“नाक पांढरं झालं तुहं.”

“नाना, मले खाली ने.”

“नेतो. कोनता हात पयले सोडतं?”

“कोनताच नाई.”

“बरं. मंग मुक्काम इथीच. जेवन मागवू का?”

रडता रडता तिला हसू फुटलं. “हा सोडते,” ती म्हणाली आणि डावा हात सोडला. मग उजवा. विक्कीने तिला अलगद खाली घेतलं. टाळ्या वाजल्या. महेक पाण्याच्या नळाकडे पळाली.

इब्राहीम शिडीवरून उतरून आला तेव्हा आफ्रीन तिथेच उभी होती. तिने पोरीला जवळसुद्धा घेतलं नव्हतं.

“दोरी देता येते,” ती म्हणाली.

इब्राहीमने विक्कीच्या हातातल्या दोरीकडे बघितलं.

“हे लोखंडाचं कुलूप आहे म्हनून जमते ना? तिथी, बिजलीघरात, असं काई नसन. नुसती हातात धराची असन.” ती त्याच्याकडे बघत होती. एखाद्या पोराला उत्तर आधीच सांगून ठेवावं तशी. “नव्हतं ना अब्बा?”

‘नव्हतं’ म्हटलं की झालं असतं. ते खरंही होतं, असलं कुलूप तिथे नव्हतं. इब्राहीमने आपल्या तळव्यांकडे बघितलं. भुकटीने रेघा भरल्या होत्या.

“कुलूप नव्हतं,” तो म्हणाला. “पण पाइपाले दोरीचे दोन वेढे होते. सारं वजन पाइपावर. आमच्या गँगचा देवराव माह्या बाजूले उभा होता, रिकामा. धर म्हनलं असतं तं धरली असती त्यानं.”

आफ्रीनने ओढणीचं टोक मुठीत धरलं.

“दोरी हात बदलत नाई म्हनत होते तुमी.”

“कायदा आहे तसा. पण घरचं बोलावनं आलं तं देतात. देवरावच्या पोराले साप चावला तवा मीच धरली होती त्याची.”

“मंग काऊन नाई देल्ली?”

वरच्या मजल्यावर कुणीतरी लोखंडी वजनं खाली ठेवली. मग इब्राहीम एका दमात बोलला, कारण थांबला असता तर बोलणं झालंच नसतं.

“त्या महिन्यात दोनदा बोलावलं होतं तुह्या अम्मीनं. दोन्ही खेप धावत गेलो. गेलो तं ती बरी झालेली, मले पाहून चहा ठेवाले उठली. परत आलो तं सारी गँग हसाले लागली. देवराव म्हने, इब्राहीमभाऊ, दोरी सोडा आता, भाभीचा पदरच धरा. तिसऱ्या खेपी गुणवंतराव आले तवा देवराव माह्याकडे पाहून आधीच हसून राह्यला होता.” तो तळव्यांकडेच बघत होता. “मले लाज वाटली.”

आफ्रीनने ओढणीची मूठ सोडली. मग हळू आवाजात म्हणाली, “खालाले मी काय काय बोलली, अब्बा. अजीमच्या लग्नाले नाई गेली मी.”

“मालूम आहे.”

“मालूम होतं तं बोलले काऊन नाई?”

“तू बोले तवा मलेच खरं वाटे.”

महेक ओल्या हातांनी धावत आली. “अम्मी, मी पुन्हा चढू? आता नाई रडत मी.”

“चारची बस आहे,” आफ्रीन म्हणाली. तिने महेकचा पट्टा सोडला. बकल तिला उघडत नव्हतं, इब्राहीमने हात पुढे केला, पण तिने स्वतःच झटापट करून ते उघडलं. पोरीच्या नाकावरची भुकटी ओढणीने पुसली. दर वेळी निघताना ती ‘येते अब्बा’ म्हणायची. आज महेकच म्हणाली, “येते नाना,” आणि दोघी दाराबाहेर गेल्या.

“काका!” ज्योत्स्नाबाईंनी पुन्हा पट्टा बांधला होता. विक्कीने त्यांची दोरी लावून दुसरं टोक इब्राहीमच्या पुढ्यात ठेवलं होतं. “अर्ध्यातून उतरली ते बरं नाई वाटून राह्यलं. चढू का?”

इब्राहीमने दोरी उचलली. सवयीने ती कुलपापाशी नेलीही. मग खाली ठेवली.

“थांबा बाई.”

“काऊन, काय झालं?”

“विक्की धरन तुमची.”

“अहो, पण तुमीच…”

“चांगला धरते तो,” इब्राहीम म्हणाला आणि दाराकडे चालू लागला. पट्टा कमरेलाच होता. मागून विक्कीने दोनदा हाक मारली.

बाहेर ऊन भाजून काढत होतं. बसथांबा रस्त्यापलीकडे, शंभरेक पावलांवर. कॉलनीची बस येऊन उभी होती. महेक चढून खिडकीशी बसली होती आणि आफ्रीनचा एक पाय पायरीवर होता. इब्राहीम धावला नाही, धावणं आता होत नव्हतं. पण जितकं भराभर चालता येत होतं तितकं चालला. ड्रायव्हरने भोंगा वाजवला.

आफ्रीनने वळून बघितलं. तिचे डोळे लाल झाले होते. बाप पायरीशी येऊन उभा होता. तिने त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. कमरेचा पट्टा, पांढरे हात. मग तिची नजर खाली थांबली.

“अब्बा, चपला कुठी आहेत तुमच्या?”

गाद्यांवर चपला चालत नसत. त्या दाराशी काढलेल्या होत्या, आणि तो त्या ओलांडून तसाच आला होता.

“राह्यल्या,” तो म्हणाला.

“बाई, चढून राह्यले का उतरून?” कंडक्टर आतून ओरडला.

तिने पुन्हा त्याच्या पायांकडे बघितलं. मग ती आत चढली आणि बस निघाली. महेकने खिडकीतून हात केला. आफ्रीन तिच्या शेजारी बसलेली दिसत होती, समोर बघत.

डांबर मऊ झालं होतं आणि तळपाय भाजत होते. सावली चार पावलांवर होती. बस वळणावर दिसेनाशी होईपर्यंत इब्राहीम रस्त्यातच उभा राहिला.