ताईची चाहूल

गल्लीत त्याला सगळे कानसेन म्हणत, आणि ते नाव त्याने गाण्यावर नाही, बुटांवर कमावलं होतं. ज्यांचा एक पाय आखूड आहे अशांचे बूट तो बनवायचा. गिऱ्हाईक आलं की टेप नंतर. आधी त्याला दुकानातल्या फळ्यांवरून चालायला लावायचा आणि आपण डोळे मिटून ऐकत बसायचा. दोन्ही पावलं सारखी वाजली की बूट पुरा झाला. तोवर गिऱ्हाईक कितीही कुरकुरो, सुटका नाही.

हा धंदा का धरलास, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "पोटासाठी." शुद्ध थाप. पोटासाठी माणूस साध्या चपला विकतो. खरं कारण होती त्याची थोरली बहीण. ताईचा डावा पाय जन्मापासून आखूड. लहानपणी ती जिना चढू लागली की टक्... ठप, टक्... ठप असा आवाज यायचा, आणि खालची कार्टी त्या तालावर टाळ्या पिटायची. त्या टाळ्या त्याच्या डोक्यात गेल्या त्या गेल्याच. एवढं करून ताईने मात्र त्याचा बूट कधी पायात घातला नाही. "माझं चाललंय की," म्हणायची. दिव्याखाली अंधार, असं शेजारी म्हणत. त्याला ते झोंबायचं, कारण खरं होतं.

यंदा ताईची कंबर धरली. पावलं एका पातळीत आली नाहीत तर चालणं कायमचं बंद होईल, असं डॉक्टरांनी बजावलं. तेव्हा कुठे बाईसाहेब दुकानात आल्या.

"बनव बाबा एकदाचा. तुझा तरी जीव थंड होऊ दे."

त्याने त्या बुटांत जीव ओतला. ताई ते घालून फळ्यांवरून चालली तेव्हा त्याने डोळे मिटले. टक्, टक्, टक्. जन्मभर ज्यासाठी कान तयार केला, ते आज ऐकू आलं होतं. तो हातोडी मांडीवर ठेवून नुसता बसून राहिला.

"अरे, दुखत नाहीये!" ताई म्हणाली.

"चल, आईला सांगू."

आई दुकानाच्या वरच्याच खोलीत असायची. तिची नजर केव्हाच गेली होती. ताई रोज तिला भेटायला यायची, आणि जिन्यावर ताईची पावलं वाजली की आई केसांवरून हात फिरवून सावरून बसायची. आज ती हललीच नाही.

"कोण आहे?" तिने विचारलं. "काय असेल ते दाराशी ठेवा. माझी लेक येईलच आता."

"आई, मीच आहे गं."

आईने तिचा चेहरा चाचपला. "मग वाजली का नाहीस?"

ताई खाली बसून नाड्या सोडायला लागली.

"हे काय? आणि कंबर?" त्याने विचारलं.

"कंबरेचं मी बघेन. आई दिवसभर तेवढ्यासाठी कान लावून बसते रे. तुला माझा पाय कुठे सुधारायचा होता? तुला तो आवाज बंद करायचा होता."

घाव वर्मी बसला. एवढा मोठा कानसेन, पण त्या आवाजात त्याला फक्त पोरांच्या टाळ्या ऐकू आल्या होत्या. आईला त्यात आपली लेक ऐकू यायची. तो बूट घेऊन खाली गेला.

उजव्या टाचेचं थोडं कातडं काढून तिथे त्याने तेवढ्याच जाडीची लोखंडी नाल ठोकली. डाव्या टाचेचंही कातडं काढून तिथे तेवढ्याच जाडीचं मऊ रबर बसवलं. उंची पुन्हा पुन्हा मोजली. दोन्ही पाय एका पातळीत हवेत, त्यात केसाचाही फरक नको. असा बेसूर बूट त्याच्या हातून आजवर बाहेर पडला नव्हता.

"घाल," तो वर येऊन ताईला म्हणाला, "आणि खालून चढून ये."

तो आईच्या खुर्चीपाशी उभा राहिला. जिन्यावर नाल वाजली. टक्... ठप. टक्... ठप.

आईने केसांवरून हात फिरवला. "आली बघ," ती म्हणाली. मग तिने मान वळवली. "तू का रे रडतोयस? बूट जमला नाही का?"

"जमला गं आई," तो म्हणाला. "आत्ता जमला."